साहेबांच्या डिक्टेशनच्या छोट्या कॅसेट आणि बंद पडलेलं मशीन

सुनंदा_मुलुंड

नमस्कार. मी फोर्टमध्ये एका वकीलसाहेबांकडे २३ वर्षं स्टेनो होते. पहिली काही वर्षं पॅड, पेन्सिल आणि पिटमनचं शॉर्टहँड. मग १९८३ साली साहेबांनी दोन मशीनं घेतली. हातात मावणारं त्यांच्यासाठी आणि टेबलावरचं, हेडफोन नि पायाच्या पेडलचं, माझ्यासाठी. साहेब रात्री घरी बोलून ठेवायचे. सकाळी मी पोचले की कॅसेट टाइपरायटरवर ठेवलेली असायची, रबरबँडखाली चिठ्ठी: 'अ‍ॅफिडेव्हिट, आजच'.

पेडल दाबलं की साहेब बोलणार, पाय उचलला की थांबणार, आणि परत दाबल्यावर दोन-तीन शब्द मागून सुरू होणार. त्या दोन-तीन शब्दांमुळे टायपिंगची लय तुटत नसे. महिन्याभरात पाय आपोआप चालायला लागला. आजही शिवणयंत्रावर बसले की मी पाय अर्धवट उचलते.

साहेब गेल्यावर ऑफिस बंद झालं तेव्हा त्यांच्या मुलाने दोन्ही मशीनं आणि अकरा कॅसेट मला दिल्या. त्यालाही ठाऊक होतं की त्या मशीनशी सगळ्यात जास्त मीच बोलले आहे. इतकी वर्षं ती माळ्यावर होती. परवा टेबलावरचं मशीन लावलं. दिवा लागतो, आत मोटर गुणगुणते, पण कॅसेट फिरत नाही. झाकण उघडलं तर आत काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी. बोटांना लागलं ते साबणाने जाईना. हातातल्या मशीनच्या बॅटरीच्या कप्प्यात हिरवट बुरशी आहे.

शेजारच्या मुलाने कुठून तरी मायक्रोकॅसेटचा रेकॉर्डर आणला, पण माझ्या कॅसेट त्यात बसत नाहीत. दिसायला सारख्याच वाटतात. हे दुरुस्त होईल का? मला निदान एकदा ते पेडल दाबून ऐकायचंय.

रीळवाला

सुनंदाताई, होईल. काळजी करू नका आणि तोवर मशीन परत लावू नका.

आधी कॅसेटचं. तुमच्याकडे आहे ती मिनी-कॅसेट, फिलिप्सने १९६७ साली आणलेली. मायक्रोकॅसेट ऑलिंपसची, १९६९ ची. आकारात थोडासाच फरक, पण आतलं काम पूर्ण वेगळं. मायक्रोकॅसेटमध्ये (आणि आपल्या गाण्यांच्या कॅसेटमध्येही) टेप एका बारीक दांड्याला रबरी चाक दाबून ओढली जाते, त्यामुळे वेग एकसारखा राहतो. मिनी-कॅसेटमध्ये तो दांडा नाहीच. मशीन सरळ चकती फिरवतं. चकतीवर टेप साठत गेली की घेर वाढतो, आणि टेपचा वेग हळूहळू वाढत जातो. रेकॉर्ड करतानाही तसंच झालेलं असतं, म्हणून त्याच जातीच्या मशीनवर लावलं तर दोन्ही फरक एकमेकांत मिटतात आणि माणूस माणसासारखा बोलतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. या टेपची रुंदी गाण्यांच्या कॅसेटइतकीच आहे, ३.८१ मिलिमीटर. एखादा दुरुस्तीवाला म्हणेल, 'बाई, टेप काढून मोठ्या कॅसेटमध्ये भरतो, कुठेही वाजेल.' देऊ नका. मोठ्या कॅसेटचा वेग दुपटीच्या आसपास आहे, शिवाय साहेबांचा आवाज सुरुवातीपासून शेवटापर्यंत घसरत जाईल. माझ्या संग्रहातली एक टेप मी स्वतः अशी नासवली आहे.

आता ते डांबर. तो मोटरपासून चकतीपर्यंत जाणारा रबरी पट्टा होता, वितळून गेला. या वयाच्या जवळजवळ प्रत्येक मशीनमध्ये हे होतं. मी उघडलेल्या चौदापैकी अकरांत असंच होतं. साबण नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कानात घालायच्या काड्यांना लावून खोबणीतला कण न् कण काढा. थोडा जरी राहिला तरी नवा पट्टा तिथे घसरतो आणि आवाज डुलतो. मग ज्या चाकांवरून पट्टा जायचा त्यांना शिवायचा दोरा गुंडाळून लांबी मोजा, आणि त्याहून जरासा आखूड पट्टा घ्या, म्हणजे ताण राहील. लॅमिंग्टन रोडला पाकिटात वेगवेगळ्या मापांचे मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत. खोबण चौकोनी आहे की सपाट ते बघून जा.

थेट वीज लावायच्या आधी सिरीज लॅम्पवर लावा, म्हणजे मशीनच्या वायरीत मध्ये एक बल्ब जोडून. बल्ब पूर्ण उजेडात पेटला तर लगेच काढा, आत शॉर्ट आहे. हातातल्या मशीनला अजिबात हात लावू नका. त्यात रेकॉर्डचं बटण आहे, टेबलावरच्यात नाही. एक चुकीचा अंगठा आणि कॅसेट कोरी.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो. माझ्याकडे डिक्टाबेल्टचं मशीन आहे, डिक्टाफोन कंपनीने १९४७ साली काढलेलं. प्लास्टिकचा बांगडीसारखा पट्टा, सुई त्यावर खाच दाबत जाते. खाच पुसता येत नाही. त्याआधीच्या मेणाच्या नळकांड्या ऑफिसात तासून परत वापरायचे, त्यासाठी वेगळं यंत्रच असे. डिक्टाबेल्ट मात्र एकदाच. त्यामुळेच मंडेलांवरचा रिव्होनिया खटला आज ऐकता येतो. ५९१ पट्टे, दोनशे तासांहून जास्त आवाज, फ्रान्समध्ये खास बनवलेल्या यंत्रावर उतरवले गेले. २० एप्रिल १९६४ चं मंडेलांचं निवेदन त्यांतच आहे.

तुमच्या टेप पुसून परत वापरायच्या होत्या ना? मग प्रत्येकीवर फक्त शेवटचं काम असेल.

कोर्टपाखाडी

मी वकील आहे, म्हणून एवढंच. कॅसेट कुठल्याही दुकानात उतरवायला देऊ नका. अशिलाचं बोलणं वकिलाने उघड करायचं नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आणि काम संपल्यावरही ते बंधन संपत नाही असं तिथेच स्पष्टीकरण. कलम १२७ ने तेच बंधन वकिलाच्या कारकुनावरही घातलं होतं. तुम्ही ऐका. बाकी कुणी नको.

सुनंदा_मुलुंड

वकीलसाहेब, २३ वर्षांत एक अक्षर घराबाहेर सोडा, घरातही बोलले नाही. आताही बोलणार नाही. शेजारच्या मुलाला पट्टा बसवायला बोलावलं तेव्हाही हेडफोन माझ्याच कानाला होता.

रीळवालादादा, दोऱ्याने मापलं, लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या दुकानात पट्टा मिळाला. घाण काढायला दोन दुपारी लागल्या. सिरीज लॅम्प आमच्या इमारतीच्या वायरमनकडून आणला. बल्ब मंद लागला, म्हणून पुढे गेलो.

चालू झालं! आवाज किंचित डुलतो, पण साहेबच आहेत. खोकला, घड्याळाचे ठोके, आणि 'फुलस्टॉप, नवीन परिच्छेद, बाई'. ते मला नेहमी बाई म्हणायचे, नाव कधी घेतलं नाही.

एडिसनकरांचं बरोबर आहे, कॅसेटवर शेवटचंच काम आहे. पण एका कॅसेटवर ते सहा-सात मिनिटांत संपतं, आणि मग मध्येच, वाक्याच्या अर्ध्यातून, त्याआधीचं जुनं डिक्टेशन सुरू होतं. नवं पत्र छोटं होतं, म्हणून खालचं पुसलंच गेलं नाही. त्यात प्रकरणाचं थोडंसंच आहे, ते माझ्यापाशीच राहील. शेवटी साहेब म्हणतात, 'बाई, उद्या तुमच्या मुलाची परीक्षा आहे ना, हे परवा केलंत तरी चालेल.' मी तेव्हा ते नक्की ऐकलं असणार, टाइप करायचं नव्हतं म्हणून विसरले.

आता एक अडचण. पेडल चालतं, पण पाय उचलून परत दाबल्यावर टेप मागे सरकत नाही, जिथे थांबली तिथूनच सुरू होते. पेडलच्या वायरीला पाच टोकांची गोल पिन आहे आणि त्यातलं एक टोक वाकलंय. ते सरळ करू का, की पिनच बदलावी लागेल? बदलायची तर वायरींचे रंग कसे जुळवायचे?