स्ट्राँग हायब्रिडला नवे टायर: ईव्हीवाले घ्यावेत की नेहमीचे? वापर बेळगाव शहर आणि चोर्ला घाट

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. गाडी ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही), रनिंग ४१ हजार. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, साइझ २१५/६० आर १७, पुढं ९६ एच. पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी अडीच मिलिमीटर उरलीय, मागच्यांची चार. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलीय. वापर रोजचा शहरात, शिवाय जांबोटी-कणकुंबी-चोर्लामार्गे गोव्याला नेहमी जाणं-येणं, भर पावसातसुद्धा.

तीन दुकानांत तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो हायब्रिडला ईव्हीचेच टायर लागतात. दुसरा म्हणतो २२५/६० घाला, खड्ड्यांत बरं पडतं. तिसरा म्हणतो दोनच नवे घ्या आणि पुढं टाका. मायलेज २१-२२ मिळतं, ते पडू नये अशी इच्छा. कोल्हापुरात स्वस्त मिळतील का, हाही एक प्रश्न. पाऊस लागायच्या आत उरकायचं आहे.

रबर आणि रिम

साहेब, आधी टायरच्या कडेवर काय लिहिलंय तेवढं नीट वाचू, म्हणजे निम्मा घोळ तिथंच मिटतो.

२१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के, १७ म्हणजे रिमचे इंच. ९६ हा भारांक. म्हणजे एका टायरला ७१० किलोपर्यंत वजन. चार टायरांचे २८४० किलो झाले. तुमची गाडी पाच माणसं आणि सामान धरून पावणेदोन टनांच्या आसपास जाते, त्यामुळं ९६ भरपूर आहे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. नवा टायर घेताना हे दोन्ही इतकेच किंवा याहून वरचे हवेत, खालचे कधीच नकोत. ९६ व्ही चालेल, ९४ एच चालणार नाही.

ईव्हीचे टायर म्हणून जे विकतात (अपोलोचा अँपेरियन, सीएटचा एनर्जीड्राइव्ह ही त्यातली नावं) ते तीन गोष्टींसाठी बनवलेले असतात: जड बॅटरीचं वजन, मोटरचा एकदम येणारा जोर, आणि इंजिनचा आवाज नसल्यानं ऐकू येणारी रस्त्याची घरघर. तुमच्या गाडीतली बॅटरी पाऊण युनिटाची आहे. पेट्रोल गाडीपेक्षा वजन थोडंच वाढतं. म्हणजे पहिलं कारण तुम्हाला लागूच नाही. योग्य साइझमध्ये, योग्य भारांकात असा टायर मिळाला आणि त्याची ओली पकड चांगली असली तर खुशाल घ्या, पण ‘हायब्रिडला तेच लागतात’ हे खरं नाही.

कुणी एक्सएल (जादा भार पेलणारा) टायर गळ्यात मारत असेल तर एक ध्यानात ठेवा. एक्सएलचा जादा भार हा जादा हवेवर मिळतो, साध्या टायरचा पूर्ण भार ३६ पीएसआयला धरतात तर एक्सएलचा ४२ ला. तुम्ही दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवाच भरणार. मग हाती येतो तो फक्त कडक, दणके देणारा टायर.

आता २२५/६०. हिशेब करा: २१५/६० आर १७ चा पूर्ण व्यास ६९० मिलिमीटर, २२५/६० चा ७०२. म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. गाडी जमिनीपासून उचलली जाते ती फक्त ६ मिलिमीटर. खड्ड्यात त्यानं काय फरक पडणार? उलट टायर जड होतो, रुंदीमुळं पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतो का हे बघावं लागतं. मूळ साइझच ठेवा.

जांबोटीकर

साइझचं वर आलंच, मी घाटाचं बोलतो.

दोनच घेणार असाल तर नवे टायर मागं जातात, पुढं नाही. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढं, हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय. पुढचा टायर सरकला तर गाडी सरळ जाते, पाय काढला की पुन्हा पकडते. मागचा सरकला तर गाडी गोल फिरते, आणि कणकुंबीच्या पुढच्या वळणांवर ते सावरायला जागाच नाही. उतारावर वजन पुढं जातं, मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात.

हायब्रिडमध्ये याला आणखी एक बाजू आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की वीज परत बॅटरीत भरणारं ब्रेकिंग फक्त पुढच्या चाकांवर होतं. ओल्या रस्त्यावर, विशेषतः रंगवलेल्या पट्ट्यावर किंवा लाल चिखल पसरलाय तिथं, पुढचं चाक क्षणभर सरकलं की गाडी ती भरणी सोडून देते आणि साध्या ब्रेकवर येते. त्या क्षणी गाडी थोडी पुढं निसटल्यासारखी वाटते. ब्रेक बिघडलेले नसतात, टायरची पकड संपलेली असते. नक्षी कमी झाली की हे वरचेवर होतं.

आणि चोर्ला उतरताना बॅटरीवर भरवसा ठेवू नका. सोळाशे किलोची गाडी सहाशे मीटर उतरली तर अडीच युनिटाहून जास्त ऊर्जा सुटते. तुमच्या बॅटरीची जागा पाऊण युनिटाची, तीही पूर्ण वापरत नाहीत. काही मिनिटांत ती भरते, मग सगळा भार ब्रेकवर आणि पुढच्या टायरांवर येतो. गिअर लिव्हर ‘बी’वर घ्या, इंजिन धरून ठेवतं.

कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. खानापूर तालुक्यातल्या पावसाला ते फार कमी आहे. नव्या टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर असते, तीनच्या खाली गेली की चरांतून पाणी बाहेर पडेनासं होतं. तुमचे पुढचे तर अडीचवर आलेत. मागचे चारचे पुढं आणलेत तर ते पावसाळ्यातच तीनकडं सरकायला लागतील. माझं मत, चारही घ्या.

उद्यमबाग

चारही घ्यायला माझी हरकत नाही, पण मागच्यांची तारीख बघितलीत का? टायरच्या कडेवर ‘डीओटी’नं सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे बघा. ३२२२ असेल तर २०२२ सालचा ३२वा आठवडा. टायर जुने झाले असतील, चरांच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील तर चारही घ्यायचे, विषय संपला. भेगा नसतील आणि अगदी तोच ब्रँड, तोच नमुना मिळत असेल तरच दोनचा विचार करा. वेगळ्या नक्षीचे टायर पुढं-मागं ठेवून घाटात जाऊ नये. नवा घेतानाही हीच तारीख बघायची. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षाच्या वरचा परत करा. आयएसआयची खूणही बघून घ्या.

मायलेजबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हायब्रिडवाले यातच फसतात.

टायर गडगडताना जो रोध होतो तो किलो प्रति टन असा मोजतात. युरोपच्या लेबलवर ‘ए’ म्हणजे ६.५ पर्यंत, ‘सी’ म्हणजे ७.८ ते ९. समजा एक टायर ७ चा आणि दुसरा ९ चा. सोळाशे किलोच्या गाडीला फरक पडतो ३.२ किलोच्या ओढीचा. शंभर किलोमीटरला हिशेब केला तर सुमारे पाव लिटर पेट्रोल. दहा हजार किलोमीटरला पंचवीस-सत्तावीस लिटर, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. रक्कम लहान नाही, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायचं अंतर वाढवून ती वाचवायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. लेबलवर दोन्ही अक्षरं असतात, दोन्ही वाचा. तुमच्या वापराला ओल्या पकडीचं अक्षर आधी, इंधनाचं नंतर. ब्रिजस्टोन इकोपिया, योकोहामा ब्लूअर्थ या कमी रोधाच्या ओळी आहेत, पण एकाच नावाखाली नमुने पुष्कळ असतात, म्हणून नावावर न जाता त्या साइझचं लेबल मागा.

आता खरी मेख. कुठलाही नवा टायर बसवला की मायलेज पडलेलंच दिसणार. नव्या टायरवर रबर जाड असतं, ते जास्त दबतं, म्हणून रोध जास्त. झिजलेल्यावर कमी. दुसरं, सहा मिलिमीटर झिजलेल्या टायरचा व्यास बारा मिलिमीटरनं कमी असतो, म्हणजे मीटर खऱ्यापेक्षा पावणेदोन टक्के जास्त किलोमीटर दाखवत होता. नवे टायर लागले की तो फुगवटाही जातो. २२ चे २०.५ झाले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. दोन-तीन हजार किलोमीटर चालल्यावर, टाकी ते टाकी मोजा.

कोल्हापूरचं म्हणाल तर जीएसटी दोन्हीकडं सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरांवर तो २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणून जुन्या दरपत्रकावरचा भाव कुणी सांगत असेल तर थांबवा. सीमेपलीकडं फरक पडला तर तो दुकानाच्या सवलतीचा. त्यासाठी जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर आणि टोल, शिवाय पुढं बॅलन्सिंगला त्याच दुकानात परत जायची पंचाईत. बेळगावातच घ्या, बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तेच लागतात.

शहापूर

याच धाग्यात विचारतो. आमच्या नात्यात व्होल्वो एक्ससी ९० टी ८ आहे, प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी हायब्रिड). २७५/४५ आर २०. तिलाही हाच हिशेब का?

रबर आणि रिम

नाही शहापूरकर, तिथं उलट आहे. ती गाडी सव्वादोन टनांच्या वर. मूळ टायर ११० चा, एक्सएल, म्हणजे १०६० किलो. तिथं एक्सएल सोडायचाच नाही. तेवढ्याच साइझमध्ये कमी भारांकाचा टायर स्वस्तात मिळाला तरी बसवू नका. आतून तापतो, कड फुगते. कडेवर ‘व्हीओएल’ अशी खूण असते, ती त्या गाडीसाठी कंपनीनं तपासलेल्या टायरची. खूण नसलेला घातला तर गाडी चालते, पण आवाज आणि स्टिअरिंग बदलू शकतं. तिच्यात मागची चाकं विजेच्या मोटरवर आणि पुढची इंजिनवर चालतात, म्हणून चारही टायर एकाच नमुन्याचे आणि झीज जवळजवळ सारखी हवी.

रोधाचा परिणामही प्लग-इनवाल्याला आधी जाणवतो, कारण विजेवरचा पल्ला लहान. त्या वजनाला वरचाच ७ आणि ९ चा फरक धरला तर शंभर किलोमीटरला सव्वा युनिटाच्या पुढं जातो. चाळीस किलोमीटरच्या पल्ल्यातले दोन-अडीच कमी झाले.

टिळकवाडीकर साहेब, तुमच्या डाव्या टायरची कड राहिली होती. नुसत्या टो बिघाडानं (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळल्यानं) बहुधा दोन्ही टायर झिजतात. एकाच बाजूचा झिजतोय म्हणजे बहुधा कॅम्बर (चाकाचा उभा कल) गेलाय. बहुतेक वेळा कारण खड्डा: जांबोटीच्या पुढं डांबराची कड तुटून खाली लाल मुरूम उघडा पडलेला असतो, तिथं डावं चाक उतरून परत चढताना दणका बसतो, लोअर आर्म किंवा स्ट्रट (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग) किंचित वाकतो. तळहात टायरवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर टोसुद्धा बिघडलाय. हे आधी दुरुस्त करा. नाहीतर नवा टायरही तसाच जाईल.

बसवण्याच्या दिवशी समोर उभं राहून एवढं करून घ्या. गाडी पूर्ण बंद, ‘रेडी’चा दिवा गेलेला, स्मार्ट चावी खिशात घेऊन लांब. रेडीत ठेवली तर जॅकवर असताना इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. जॅक दाराखालच्या खाचेवरच लावायचा, मधल्या पत्र्याखाली नाही, तिथून नारिंगी रंगाची जाड केबल गेलेली असते. हवेचा सेन्सर असलेला व्हॉल्व्ह असेल तर पोराला आधीच सांगा: टायर सोडवायचं मशीन व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावायचं, त्याच्यावर लावलं तर सेन्सर मोडतो. बीडला (टायरची रिमवर बसणारी कड) साबणाचं पाणी, ग्रीस नको. टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. नट गननं शेवटपर्यंत आवळू देऊ नका, टॉर्क पान्यानं आवळा. या वर्गाच्या गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा पुस्तकात बघा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात जोर करू नका, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर पृष्ठभागावर असतो, तो जायला हवा. पुढं दर आठ-दहा हजारांना टायर फिरवा: पुढचे सरळ मागं, मागचे आडवे पुढं. हायब्रिडला हे चुकवू नका, ओढणं आणि भरणीचं ब्रेकिंग दोन्ही पुढच्यांवरच असतं.

टिळकवाडीकर

मागच्यांची तारीख ४०२२ निघाली आणि चरात भेगा आहेत. चारही घेतो. आधी अलाइनमेंट आणि लोअर आर्म बघून घेतो. शेवटचं एक: नायट्रोजन भरावा का? आणि गोव्यात उतरलं की हवा कमी दाखवते, गळती असेल का?

उद्यमबाग

नायट्रोजन फुकट असेल तर भरा, पैसे देऊन नको. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

गळती नसावी. बेळगाव साडेसातशे मीटरवर. खाली समुद्राकाठी बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून इथं थंड टायरला ३३ भरली तर तिथं गेज ३२ च्या खालीच दाखवतं. गोव्याच्या उकाड्यानं त्यातलं थोडं भरून येतं, दर दहा अंशांना दीडेक पीएसआय. गोव्यात थंड टायर दोन-तीननं कमी असेल तरच साबणाचं पाणी लावून बघा, पहिल्यांदा व्हॉल्व्हच्या बुडाशी, मग नक्षीत. उद्यमबागेतल्या कारखान्यांजवळून जाणं-येणं असेल तर लेथवरचा लोखंडी कीस नक्षीत रुतलेला सापडतो, तो दिवसाला अर्धा पीएसआय सोडतो आणि सहज दिसत नाही.