आत शिरलेली ओल : दुर्बीण, कॅमेरा, मिक्सर, मोबाईल... तुमचे अनुभव सांगा

गिरणाकाठ
घट बसायच्या आधीची धुणी चालू आहेत. काल गच्चीवर गोधड्या टाकताना एका जुन्या गोधडीवरचं गोल ठिगळ दिसलं आणि एकटाच हसत बसलो.

मी सातवीत असेन. बाबांना पक्ष्यांचा नाद. श्रावणात तोरणमाळला गेलो, तिथे ढग थेट खोलीत शिरलेले. घरी आलो तर दुर्बिणीत धुकं. बाहेरून किती पुसा, जाईना, कारण ते आतून. उन्हात ठेवली की दुपारी काच लख्ख, दिवेलागणीला गार पडलं की पुन्हा धुकं. पाण्याची वाफ व्हायची, पण बाहेर जायला वाट कुठे होती? आजी म्हणे, बाधा झाली.

मग बाबांनी दसऱ्याआधीच्या कडक उन्हात धाब्यावर (घराच्या सपाट छपरावर), आईच्या धुतलेल्या गोधड्यांवर दुर्बीण कठड्याला टेकवून ठेवली, मोठ्या काचा नेमक्या सूर्याकडे. थोड्या वेळाने धूर! डोळ्याकडच्या बाजूने ऊन एकवटून गोधडीला रुपयाएवढं भोक. आई काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

तीच दुर्बीण परवा सापडली. अजून धुकं आहे. तुम्ही काय करता?

तापीचा_पोऱ्या
भो, हसून हसून मेलो. ऑफिसात आहे, नंतर लिहितो.

भुसावळकर_माई
आमचा मोबाईल कूलरच्या टाकीत. पाणी भरताना वरच्या खिशातून गेला. मुलगा म्हणे तांदळात ठेव. ठेवला दोन दिवस. चालू झाला, पण चार्जिंगच्या भोकात कणी अडकली, ती सुईने काढायला दुकानदाराने १५० घेतले. तांदूळ सासूबाईंनी वाया जाऊ दिला नाही, शनिवारी खिचडी.

केळीबाग
माई 😂 खिचडीला रेंज चांगली आली असेल.

चष्मेवाला
तांदूळ फार ओढत नाही हो, पीठ मात्र आत जातं. मोबाईल बंद करा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही, बरेचदा घात तिथेच होतो. हेअर ड्रायर नको, गरम हवेने गोंद सुटतो आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. मेच्या उन्हातही ठेवू नका, बॅटरी फुगेल.

दुर्बिणीचं : नव्या चांगल्या दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून सील करतात. तसलीत आतून धुकं आलं म्हणजे सील गेलं. बाबांची जुनी असेल तर बहुधा सीलच नसेल. घरी उघडू नका, आतले प्रिझम केसभर हलले तरी एकाचे दोन दिसतात. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल (ओल ओढणारे दाणे) घालून आठवडा-दोन आठवडे ठेवा. घाई नको.

सातपुडा_भटक्या
माझा कॅमेरा गेला तो चामड्याच्या केसमुळे. पावसाळाभर कपाटात. चामडं ओल धरून ठेवतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीत काढला तर लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कारागीर म्हणाला, बुरशी पुसली जाईल, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येणार नाही. आता फरसाणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात, आत वीस रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा (खोटं बोललो, दीडशेचा). ४० ते ५० टक्क्यांत ठेवतो. ६५-७०च्या वर बुरशीची जत्रा.

जेल निळी असते, ओल धरली की गुलाबी. मी तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळी करतो.

चष्मेवाला
भाऊ, तो तवा पोळीचा नाही ना? निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते विषारी. जुनं भांडं वेगळं काढा, खिडकी उघडी ठेवा. साधारण १२० अंशाला तास-दोन तास पुरे. नाहीतर नारिंगी जेल घ्या, ती हिरवी होते.

सातपुडा_भटक्या
...तवा पोळीचाच होता. बायकोला दाखवत नाही हे.

रानपिंगळा
तोरणमाळचं नाव निघालं म्हणून. माझ्या नावाचा पक्षी, म्हणजे रानपिंगळा हे छोटं घुबड, १८८४ नंतर कोणालाच सापडत नव्हता, मग १९९७च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षं! मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा एसी गाडीतून उतरलो, दुर्बीण डोळ्याला लावली, सगळं पांढरं. गार काच, बाहेर दमट हवा. काच पुसेस्तोवर पिंगळा उडाला. तेव्हापासून एसी बंद करायच्या आधी दुर्बीण पिशवीत घालून तोंड घट्ट बांधतो, उतरल्यावर अर्धा तास उघडत नाही. थेंब पिशवीवर धरतात.

केळीबाग
यावलकडे पाऊस आहे का कोणाकडे? आमच्याकडे वाऱ्याने बाग झोपली.

भुसावळकर_माई
अरे देवा. किती खोडं गेली?

केळीबाग
मोजायला जाववत नाही, माई. सकाळी बघू.

तापीचा_पोऱ्या
आलो. आमच्याकडे वहिनीने मिक्सर सिंकमध्ये नळाखाली धुतला. अख्खा. मोटरसकट. नशीब, लगेच बटण दाबलं नाही. उलटा करून दोन दिवस पंख्याखाली ठेवला, मग दुकानदाराने तपासून दिला. तेवढ्यात पाहुणे आले आणि भरीत करायचं होतं.

भुसावळकर_माई
मिक्सरमध्ये भरीत?? 😡 भरीत ठेचायची लाकडी बडगी नाही का घरात?

तापीचा_पोऱ्या
माई, मिरची-लसणाचा ठेचा म्हणायचं होतं. माफी.

गिरणाकाठ
चष्मेवाले काका, दुर्बीण डब्यात टाकली. दाणे दुपारपर्यंतच गुलाबी झाले, म्हणजे बरीच ओल आहे. दुसरी पुडी आणतो. केळीबाग, उद्या फोन करतो तुला.

रानपिंगळा
आणि त्या गोधडीचा फोटो?

गिरणाकाठ
आई काढू देत नाही. म्हणते, ठिगळ बाबांच्या लग्नातल्या सदऱ्याचं आहे, दुर्बिणीच्या भोकाचा तो दंड होता.