मड टायरच्या ठोकळ्यांना चिरा पाडाव्यात का? (ओला जांभा आणि घाट)

कातळवाट, राजापूर
माझी 2021 ची थार आहे, टायर 245/75 आर 16, मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या रबरी ठोकळ्यांचे). बागेत उतरणारी वाट जांभ्याची, पावसात पूर्ण शेवाळ धरते. चिखलातून गाडी कशीही निघते, पण शेवाळावर चारही चाकं जागच्या जागी गरगरतात. अणुस्कुरा घाटातही ओल्या डांबरावर ब्रेक मारला की मागची बाजू सरकते. गेल्या शुक्रवारी वडील शेजारी असताना गाडी तिरकी होऊन गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकली. ते काही बोलले नाहीत, उतरून चालत घरी गेले. तेव्हापासून झोप नीट नाही. पंक्चरवाला म्हणतो, गरम पात्याने ठोकळे चिरून देतो. करू का? किती खोल?

घाटमाथा
चिरू नका. वॉरंटी जाईल. ऑल टेरेन (डांबर, माती दोन्हींवर चालणारे) टायर घ्या आणि मोकळे व्हा.

जुनी_जीप, सावंतवाडी
कातळवाट, तुमच्यासारखीच वाट माझ्या घरामागे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मड टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या फटी रुंद, म्हणून चिखल झटकला जातो. पण गुळगुळीत ओल्या पृष्ठभागावर पकड देतात त्या ठोकळ्यांच्या कडा, आणि त्याच इथे कमी. चिरा पाडल्या की कडा वाढतात, ठोकळा थोडा लवतो. ह्याला सायपिंग म्हणतात. जॉन साइप ह्या अमेरिकन माणसाने 1923 साली ह्याचं पेटंट घेतलं, त्याचंच नाव.

गरम पातं मात्र नको. त्याने खोबण पडते, रबर निघून जातं. तुम्हाला हवी नुसती चीर: धारदार पातं साबणपाण्यात बुडवून, चाक फिरतं त्याला आडवी, फक्त मधल्या ठोकळ्यांना, उरलेल्या नक्षीच्या निम्म्याहून कमी खोल. खाली स्टीलची जाळी असते. तिथवर चीर गेली तर पाणी शिरून तारा गंजतात. कडेच्या ठोकळ्यांना हात लावू नका. मी लावला होता, जांभ्याच्या धारेवर एका पावसात तुकडे उडाले. आणि चारही टायर सारखेच करा.

पण त्याआधी हवा कमी करून बघा, पैसे लागत नाहीत. 32 पीएसआयवरून 18 वर आणा. टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाचा उंचसखलपणा धरतो. 15 च्या खाली जाऊ नका, जोरात वळवलात तर टायर रिमवरून सुटेल. बाजू फुगलेली असते, म्हणून धारदार दगड चाकाखाली घ्या, बाजूला घासू देऊ नका. डांबरावर येण्याआधी हवा परत भरा, नाहीतर टायर तापून फाटेल. बॅटरीवरचा पंप गाडीतच हवा.

माडाची_सावली
वाकणावरचं शेवाळ खराट्याने घासून काढा हो! आम्ही अंगणात ब्लिचिंग पावडर टाकतो, पण कलमांच्या मुळांकडे पाणी जात असेल तर नुसता खराटा.

कातळवाट
दादा, काल 18 वर आणून चढलो. फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी), दुसरा गिअर. पहिल्या वळणापर्यंत चाक एकदाही गरगरलं नाही. गडग्यापाशी थोडं सरकलं, पण आधी खराटा मारला होता, सावरलं. घाटासाठी मधल्या ठोकळ्यांना चिरा पाडणारच, थंड पात्याने, स्वतः उभं राहून. रविवारी खत न्यायचंय, तेव्हा वडिलांना विचारतो, येता का.