अनुभव धागा : घाटाच्या, पाणंदीच्या आणि पुराच्या वाटांसाठी गाडीत कोणते बदल केलेत, आणि ते कामी आले का?

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघालो की तांबडी माती, जांभा दगड आणि चार महिने न थांबणारा पाऊस लागतो. चिकोडी-अथणीकडे निघालो की काळी जमीन, उसाच्या पाणंदी आणि कृष्णेचे पाणी. जिल्हा एकच असला तरी या दोन दिशांना जाणाऱ्या गाड्यांच्या गरजा एक नाहीत. तरीही दोन्हीकडच्या माणसांना गॅरेजमध्ये सारखीच यादी ऐकवली जाते : मोठे टायर, दोन इंच उंची, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र). म्हणून हा धागा. कोणता भाग उत्तम याची चर्चा येथे नको. गाडी प्रत्यक्षात कोठे जाते, खर्च किती केला आणि आज तोच खर्च पुन्हा कराल का, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे. भीमगड अभयारण्यात विनापरवाना गाड्या घालण्याचे पराक्रम कृपया येथे मांडू नयेत.

सुरुवात मीच करतो. मी टिळकवाडीत राहतो आणि २०२३ साली जिम्नी घेतली. पहिल्या महिन्यातच उंची वाढवण्याचे दरपत्रक आणले होते, ते ४८,००० रुपयांचे होते. पत्नीने एकच प्रश्न विचारला, "गाडी अडकली आहे का कधी?" उत्तर देता येईना, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आणि डांबर सोडून गाडी जेथे जेथे गेली ते लिहीत गेलो. चौदा महिन्यांत गाडी १६,३०० किलोमीटर चालली. फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर) लावण्याचे दिवस अकरा, आणि त्यांतले सात निव्वळ हौसेचे. पोट एकदाही टेकले नाही, घसरले मात्र चारदा. म्हणजे उणीव पकडीची होती, उंचीची नव्हती. मूळ १९५/८० आर १५ टायर झिजल्यावर २१५/७५ आर १५ या मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या नक्षीचे) टायर बसवले. त्यांचा व्यास साधारण दहा मिलिमीटरनेच मोठा आहे, त्यामुळे जमिनीपासूनची उंची वाढली ती अवघी पाच मिलिमीटर, पण ओल्या चढणीवरचे घसरणे थांबले. ते दरपत्रक अजून त्या वहीतच आहे.

जांबोटीजवळून, काजू बागायतदार

माझ्याकडे साधी बोलेरो आहे, फोर-व्हील (चारही चाकांना ओढ देणारी) नाही. घरापासून डांबरापर्यंतचे चार किलोमीटर जांभ्याच्या कच्च्या वाटेचे असून जून ते सप्टेंबर हीच वाट माझी परीक्षा घेते. या वाटेसाठी गाडी विकून फोर-व्हील घ्यावी असे मुलाचे म्हणणे होते. वर्षातले पन्नासेक दिवस सोडले तर मला तिची गरज नाही आणि उरलेले तीनशे दिवस तिचे डिझेल मीच भरणार, असे मी त्याला सांगितले. मी टायर बदलले. २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ घेतले, स्टेपनीसह पाच नग, एकूण ४३,००० रुपये. व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ झाला. पोट पंधरा मिलिमीटर वर आले खरे, पण काटा ताशी ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या वर असते आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढणीवर पूर्वीसारखा दम राहत नाही. हे दुकानदाराने सांगितले नव्हते. आज घेतले असते तर मूळ मापाचेच, फक्त नक्षी बदलून घेतले असते. दुसरा उपाय फुकटचा आहे. ओढ मागच्या चाकांची असल्यामुळे रिकामी गाडी शेपूट फिरवते, म्हणून पावसाळ्यात मागच्या आसाच्या बरोबर वर वाळूची दोन पोती बांधून ठेवतो.

बेळगाव शहरातून, नोकरदार, २०१६ ची थार

मी जे केले ते कोणी करू नये, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी घेतली तेव्हा दर रविवारी रानात जाण्याचा बेत होता. पहिल्याच वर्षी बोनसचे सगळे पैसे घातले : पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारे पिळाचे दांडे) आवळून आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत एकेक पान वाढवून सुमारे दोन इंच उंची, चिखलासाठीचे खोल नक्षीचे मड-टेरेन टायर, जाड पत्र्याचा बंपर आणि ९,५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारी विंच. एकूण १,६५,००० रुपये. छायाचित्रे फार सुंदर आली.

दुखणी मागाहून सुरू झाली. या गाडीचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने बार आवळले की पुढच्या आसाचे सांधे कायम तिरक्या कोनात फिरतात. सात महिन्यांत दोन्ही बाजूंची रबरी आवरणे फाटली, आत राड गेली आणि सांधे वाजू लागले. शिवाय बार आवळल्याने उंची वाढते पण चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, त्यामुळे खड्ड्यावर चाक हवेत राहते आणि मूळची पकडही जाते. बंपर व विंच मिळून पुढच्या टोकावर ऐंशी किलोंच्या आसपास वजन पडले, म्हणजे उंची मिळवली एका हाताने आणि घालवली दुसऱ्या हाताने. मड-टेरेन टायर डांबरावर असे घुमतात की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. आणि माझा नव्वद टक्के प्रवास घर ते कचेरी असा होता.

विंच चार वर्षांत दोनदा वापरली. एकदा रस्त्यावर पडलेली फांदी ओढायला, दुसऱ्यांदा स्वतःची गाडी काढायला; आणि त्या दुसऱ्या वेळी रुंद पट्टा जवळ नसल्याने तारेचा दोर थेट झाडाला गुंडाळला, तर झाडाची साल निघून आली. याची लाज अजून वाटते.

पुढे कायद्याचा प्रश्न आला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने अशा लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. विम्याच्या नूतनीकरणावेळी पाहणीला आलेल्या गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता फोटो काढले. त्याच आठवड्यात बंपर उतरवला. बार मूळ खुणेवर आणले, विंच निम्म्या किमतीला विकली आणि ऑल-टेरेन टायर घातले. चूक ना गाडीची होती, ना मिस्त्रीची. बेत रविवारचा होता आणि खर्च आठवडाभराचा केला.

चिकोडी तालुक्यातून, ऊस उत्पादक

आमच्याकडचा चिखल तांबडा नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. काळी माती नक्षीत अशी लिंपते की दोन फेऱ्यांत कोणताही टायर गुळगुळीत होतो, मग तो कितीही महाग असो. तिच्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे : वाफसा येईपर्यंत गाडी पाणंदीत घालायची नाही आणि घातलीच तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कोठे आहे ते आधी विचारून ठेवायचे. त्यासाठी पुढे-मागे कंपनीचे टो-हूक (गाडी ओढायचे आकडे) शाबूत असणे आणि ओढायचा एक चांगला पट्टा जवळ असणे पुरते.

माझा खर्च झाला तो पाण्यापायी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर पाहिल्यावर नवी थार घेतली आणि लगेच स्नॉर्केल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) बसवले. कंपनीने या गाडीसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे गुडघ्याच्या वर वीतभर. स्नॉर्केलमुळे ती वाढत नाही हे मला कळायला वेळ लागला. इंजिनात हवेवाटे पाणी जाणार नाही एवढेच ते पाहते. दारे, वायरी आणि आसांतले तेल यांच्याशी त्याचा संबंध नाही. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि आसाला हवा जायला-यायला ठेवलेल्या छोट्या श्वासनळीवाटे पाणी ओढले जाते. माझे मागचे तेल बदलायला काढले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे निघाले. नळी वाढवून इंजिनाच्या कप्प्यापर्यंत नेण्याचे काम सातशे रुपयांत झाले, आणि ते स्नॉर्केलच्या आधी व्हायला हवे होते.

एक गोष्ट विषयाला सोडून नाही म्हणून लिहितो. कल्लोळ-यडूरसारखे पूल पाण्याखाली गेले की कोणतीही गाडी उपयोगाची नाही. वाहते पाणी गाडी उचलते, त्याला स्नॉर्केल काय करणार?

उद्यमबागेतून, फॅब्रिकेशनचे काम करणारे

माझ्याकडे लोक गाडीच्या पोटाला दगड लागू नयेत म्हणून खालून पत्रा बसवून घ्यायला येतात आणि प्रत्येकाला जाड हवा असतो. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा तीन मिलिमीटरचा घेतला तर साडेतेवीस किलो भरतो, पाचचा घेतला तर एकोणचाळीस. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्याला तीनचाही जास्तच आहे. जांभ्याच्या दगडांवरून रोज जाणाऱ्याला तो हवा, पण ऑइल काढायला भोक आणि चिखल बाहेर पडायला फटी ठेवूनच. पत्र्यावर साठलेला ओला चिखल चेसिसला गंज आणतो, आणि उन्हाळ्यात सायलेन्सरजवळ अडकलेला पालापाचोळा पेटू शकतो. सर्व बोल्ट खोलता येतील असेच करून घ्यावे. वेल्डिंग करून मागणाऱ्याला मी नाही म्हणतो.

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून, शिक्षिका

मी जुनी जिप्सी चालवते आणि शाळेला एकटीच जाते. वाटेतल्या सहा किलोमीटरमध्ये फोनला रेंज नसते, म्हणून थारवाल्या दादांचे विंचबद्दलचे मत मला पूर्ण पटत नाही. सोबत दुसरी गाडी असेल तर विंच ही चैन आहे. एकट्या माणसाला स्वतःला काढण्याची काही सोय लागतेच. विजेची विंच परवडत नव्हती, म्हणून लाकूडतोडीच्या कामावर वापरतात तसे हाताने दांडा मारून ओढायचे यंत्र, झाडासाठी रुंद पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा व तार जोडायच्या लोखंडी कड्या) घेतले. सर्व मिळून ९,५०० रुपये. हळू चालते, घाम निघतो, पण बॅटरी उतरण्याची भीती नाही. ओढताना ताणलेल्या तारेवर ओले गोणपाट टाकते, म्हणजे ती तुटली तरी तिची उसळी कमी होते.

मात्र गेल्या दोन पावसाळ्यांत हे यंत्र तीनदाच काढावे लागले, कारण त्याच्याआधी २,८०० रुपयांचा हवा भरायचा पंप घेतला होता. चिखलाची वाट सुरू होते तेथे थांबून चारही चाकांची हवा अठरा पौंडांवर आणते. टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि जेथे पूर्वी रुतत होते तेथून गाडी शांतपणे निघते. डांबर लागले की हवा पुन्हा भरावीच लागते, नाहीतर टायरच्या भिंती तापून फुटतात. या कामाला वीस मिनिटे जातात, म्हणून घरून वीस मिनिटे आधी निघते. आता मुले वर्गाच्या दाराशी उभी राहून पंपाचा आवाज ऐकतात आणि बाई पोचल्या हे त्यांना त्यावरून कळते.