असोसिएशन नेमकी कुणाच्या वतीनं बोलते? (हद्दवाढ, वीजदर आणि ते 'कर्नाटकात जातो')

लेथवरचा_पोरगा
मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

माझं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं) आणि वडिलांच्या काळातले तीन लेथ. वडील उद्यमनगरात दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला होते, तिथनं इकडं आले. उद्योजकांच्या असोसिएशनची वर्गणी आमच्याकडं लाईट बिलाच्या आधी भरली जाते, ही त्यांचीच सवय.

तर गेल्या आठवड्यात ग्रुपवर एका पत्राचा मसुदा पडला. महापालिकेच्या हद्दवाढीत एमआयडीसी घेऊ नये असं सरकारला कळवायचं, आणि खाली 'समस्त उद्योजक'. हरकत असेल त्यांनी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं म्हणे. मसुदा पडला दुपारी दोनला. मी तेव्हा मशिनवर, हाताला कूलंट, मोबाईल ड्रॉवरमध्ये. सहाला बघितला तर पत्र गेलेलं आणि खाली चाळीस अंगठे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ला, आणि तेव्हापासून हद्द आहे तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. एक इंच वाढली नाही. दरवेळी प्रस्ताव जातो, गावं बंद पाळतात, मोर्चे निघतात, प्रस्ताव माघारी. २०१७ला त्यावर तोड म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं, त्यानं काय झालं ते सगळ्यांना दिसतंयच.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याला विमानतळ पायजे, शहरात चांगले रस्ते पायजेत, कामगाराला केएमटीची बस पायजे, पार्टी आली की तिला उतरवायला चांगलं हॉटेल पायजे, म्हणजे शहर पायजे, फक्त शहराचा घरफाळा (घरपट्टी) नको. बरं नको तर नको, पण मग 'समस्त' म्हणू नका. माझ्याकडची सहा पोरं हद्दीबाहेर कळंबा-पाचगावला राहतात, त्यांना हद्दवाढ झाली तर बरं का वाईट हे मी तरी कुणाला विचारलेलं नाही, असोसिएशननं विचारलं असेल असं वाटत नाही.

आणि दुसरं, वीजदर वाढले की आपलं ठरलेलं वाक्य, 'नाहीतर आम्ही कर्नाटकात जातो'. कोण जातो? मी जातो?

फौंड्री_६५
वय ६५ आहे, नावातच लिहिलंय, तेव्हा रागावू नका.

पोरा, तुझे वडील मला माहीत असतील कदाचित. तू म्हणतोस ते मीटिंगमध्ये येऊन का बोलत नाहीस? गेल्या वार्षिक सभेला हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि जे आले ते जेवणाच्या वेळेला आले. जो काम करतो त्याचंच तोंड दिसतं, मग त्यानंच शिव्या खायच्या.

आता विजेचं ऐक. फौंड्रीत लोखंड वितळवायचं म्हणजे इंडक्शन फर्नेस, आणि फर्नेस म्हणजे वीज. आम्ही वर्षानुवर्षं हीट (भट्टीतले लोखंडाचे घाण) रात्री काढल्या, का तर रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागं दीड रुपया सूट होती. त्या सूटीवर आमची शिफ्ट बसवलेली, कामगारांची झोप बसवलेली, सगळा संसार बसवलेला. २०२५च्या दर आदेशात ती रात्रीची सूट काढून दिवसा नऊ ते पाचला नेली, कारण आता सोलरची वीज दिवसा जास्त आहे. हिशेब त्यांच्या बाजूनं बरोबर असेलही. पण पन्नास माणसांची रात्रपाळी एका कागदावर दिवसपाळी होत नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर उलट जादा आकार. त्याआधी २०२०ला उच्चदाबाचं बिलिंग केव्हीएएचवर आणलं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नाही तर ओढलेल्या सगळ्या विजेवर, त्यामुळं पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली कामी आलेली वीज) जरा ढिला पडला की बसला फटका.

हे वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत जाऊन कोण मांडणार? तू दोन सीएनसी बंद ठेवून मुंबईला जाणार का? असोसिएशनच जाते, हजार पानांची पिटिशन कुणीतरी बसून वाचतो, हरकती टाईप करतो. ते दिसत नाही कुणाला.

उचगावकर
उद्योजक साहेब लोकांनी हद्दवाढीला विरोध केला याचा आम्हाला आनंदच आहे, फक्त कारण ऐकून हसू आलं. आमचा विरोध शेतीसाठी आहे, जमिनीवर आरक्षणं पडतील म्हणून आहे, ग्रामपंचायतीत निदान सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येतं म्हणून आहे. तुमचा विरोध फाळ्यासाठी. तरी मोर्चात एकत्र दिसतो आपण, फोटो झकास येतो.

रंकाळा_काठ
@उचगावकर शेती कुठं राहिलीय उचगावात? सगळे प्लॉट पाडून विकले, चार मजली अपार्टमेंट, ड्रेनेज नाही, सांडपाणी ओढ्यात. कॉलेज शहरात, दवाखाना शहरात, आणि बिल शहरवाल्यांनी भरायचं. साडेपाच लाखाच्या शहरानं अख्ख्या जिल्ह्याचा भार घ्यायचा आणि निधी मागायला गेलं की लोकसंख्या कमी पडते. राज्यातली बाकी शहरं हद्द वाढवून कुठल्या कुठं गेली, आम्ही अजून १९७२च्या चड्डीत बसलोय.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनी तरी उघडपणे हद्दवाढीच्या बाजूनं उभं राहायला पायजे. शहरातल्या रस्त्यांच्या टोलच्या वेळी कसं सगळं गाव एक झालं होतं, एन. डी. पाटील सरांच्या मागं व्यापारी दुकानं बंद ठेवून रस्त्यावर आले, आणि टोल गेला. तेव्हा कुणी विचारलं नाही की व्यापाऱ्यांनी राजकारणात का पडावं.

लेथवरचा_पोरगा
@फौंड्री_६५ काका, विजेच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तिथं असोसिएशननं घसा कोरडा करावा, मी वर्गणी दुप्पट देतो. माझा आक्षेप विजेवर नाहीच. वीज हा धंद्याचा विषय आहे, तो फर्नेसवाल्यालाही लागतो आणि मलाही. हद्दवाढ हा गावाचा विषय आहे, तिथं मी उद्योजक नंतर, आधी नागरिक. तिथं माझी सही दुसऱ्यानं करू नये.

सभेला येत नाही हे मान्य. चूक आहे. पण सभा दुपारी तीनला कामाच्या दिवशी ठेवली तर कोण येणार, ज्याच्या शेडवर मॅनेजर आहे तोच.

जालन्याचा_पाव्हणा
बाहेरचा माणूस बोलतोय, माफ करा. पण कोल्हापूर-सांगलीच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असतेच, 'विदर्भ-मराठवाड्याला वीज सवलत, आमच्यावर अन्याय'. २०१६पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी, डी प्लस (उद्योगात मागास ठरवलेल्या) भागाला ती सवलत आहे, बरोबर. पण का आहे ते पण लिहा की. तुमच्याकडं सहकार, साखर, शाहू महाराजांची पुण्याई, बारमाही नद्या. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर. अनुशेष हा शब्द तुम्हाला पेपरात वाचायला मिळतो, आम्ही त्यात राहतो.

एखाद्या जिल्ह्याच्या संघटनेनं आपल्या जिल्ह्यासाठी मागावं, दुसऱ्याच्या ताटातलं काढून घ्या असं मागू नये.

फौंड्री_६५
@जालन्याचा_पाव्हणा पाव्हणं, ताटातलं काढा असं आम्ही म्हणत नाही. पण कास्टिंगच्या बाजारात गिऱ्हाईक अनुशेष बघून ऑर्डर देत नाही, किलोचा भाव बघतो. एकाच राज्यात एकाच मालाला विजेचे दोन भाव असले तर आम्ही काय करायचं? मागासपणा घालवायचा तर जमीन स्वस्त द्या, रस्ता द्या, पाणी द्या. रोजच्या बिलात सूट देऊन कारखाना उभा राहतो का नुसतं बिल कमी होतं, हे तुमच्याकडच्या लहान उद्योजकाला विचारा. सवलत युनिटवर मिळते, म्हणजे ज्याचे युनिट जास्त त्याला जास्त.

जालन्याचा_पाव्हणा
हे शेवटचं वाक्य मान्य. आमच्याकडचा दालमिलवाला पण हेच बोलतो. बाकी अमान्य.

निपाणी_नाका
मी पलीकडचा, म्हणजे तुमच्या भाषेत सीमाभागातला. कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीतनं गाडी काढली की थोड्याच वेळात आमच्याकडं कानडी पाट्या सुरू होतात, तेव्हा 'कर्नाटकात जातो' हे वाक्य आम्हाला जवळून ऐकू येतं.

गंमत अशी की आम्ही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, महाराष्ट्रात जायचं म्हणून. आमच्या पाठिंब्याला कोल्हापूरकर येतात, आणि त्याच कोल्हापुरातले उद्योजक वीज महागली की बंगळुरूच्या मंत्र्यांकडं जागा बघायला जातात. दहाबारा वर्षांपूर्वी हे मोठ्या गाजावाजानं झालं होतं. किती गेले शेवटी? काहींनी इकडं जागा घेतल्या, युनिट टाकली, नाही असं नाही. पण अख्खी फौंड्री इंडस्ट्री उचलून नेणार होते ते सगळे अजून कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतच आहेत, आणि संध्याकाळी मिसळ खायला कुठं जायचं यावर भांडतायत.

धंद्यासाठी जावं, कुणी अडवलेलं नाही. धमकीसाठी आमचा वापर नको.

हेल्पर_ते_सुपरवायझर
सगळे मालक बोलले. आता मी बोलू का.

किमान वेतनाची पुनर्रचना पाच वर्षांच्या आत व्हायला पायजे असं कायदा सांगतो. ती लांबली म्हणून कुठल्या असोसिएशननं कधी सरकारला पत्र लिहिलं? वीज, घरफाळा, रस्ता, ड्रेनेज सगळ्यावर भूमिका आहे. रात्रपाळीची दिवसपाळी झाली तर 'कामगारांची झोप' आठवली, वाचून बरं वाटलं काका, मनापासून. पण इतकी वर्षं रात्री दीड रुपया सूट तुम्हाला होती, रात्री जागण्याचा भत्ता आम्हाला किती होता?

हद्दवाढीबद्दल माझं मत, मी पाचगावला राहतो, पाणी दिवसाआड, तेही कमी दाबानं. महापालिका आली तर रोज येईल असं वाटत नाही, पण तक्रार करायला एक जागा वाढेल. घरफाळा वाढेल ते पण माहीत आहे. मला दोन्ही बाजू कळतात, फक्त मला कुणी विचारत नाही.

रंकाळा_काठ
+१. हा धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

माजी_पदाधिकारी
नाव सांगत नाही, एका संघटनेत दोन टर्म होतो.

आतलं सांगतो. मुंबईला मंत्र्यांकडं गेलं की पहिला प्रश्न, 'तुमच्या मागं किती लोक?'. तिथं 'आमच्यात मतभेद आहेत, चाळीस टक्के बाजूनं, साठ टक्के विरोधात' असं सांगितलं तर चहा पण येत नाही. म्हणून 'समस्त' लिहावं लागतं. खोटं आहे का? थोडं आहे. पण एलबीटीच्या (जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराच्या) वेळी २०१३ला राज्यभर दुकानं बंद ठेवली तेव्हाही सगळे व्यापारी एकमतानं नव्हते, निम्म्यांनी मागच्या दारानं धंदा केला. तरी २०१५च्या ऑगस्टपासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेलाच ना? एकजूट असते त्यापेक्षा दाखवावी जास्त लागते.

एमआयडीसीच्या बाबतीत पण बाजू समजून घ्या. आम्ही एमआयडीसीला पाण्याचे, सेवेचे पैसे देतो, वर ग्रामपंचायतीचा कर. त्यावर महापालिका आली तर तिसरा हात खिशात. रस्ते एमआयडीसी करते, दिवे ती लावते, मग महापालिका काय देणार? हे विचारणं म्हणजे शहराशी बेईमानी नाही.

लेथवरचा_पोरगा
@माजी_पदाधिकारी साहेब, तिसरा हात खिशात हे पटलं. हेच पत्रात लिहायचं की, 'दुहेरी कर आधी मिटवा मग हद्दवाढीचं बोला', मी डोळे झाकून सही केली असती. पत्रात होतं 'हद्दवाढीस तीव्र विरोध'. दोन्हीत फरक आहे.

आणि ज्यात सगळ्यांचं एकमत आहे तिथं आपण नुसतीच निवेदनं देतो. २०१९ला महापुरात हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद, २०२१ला परत बंद. माझा माल एका ट्रकमध्ये अडकला, पार्टीनं लेट डिलिव्हरीचे पैसे कापले. हायवेचा भराव काढून पिलरवर पूल करा ही मागणी फौंड्रीवाल्याचीही आहे, चिखली-आंबेवाडीच्या शेतकऱ्याचीही आहे, शहरातल्या माणसाचीही. तिथं 'समस्त' लिहिलं तर एक माणूस हरकत घेणार नाही.

उचगावकर
भरावाच्या मोर्चाला आम्ही येतो. हद्दवाढीच्या विरोधातल्याला तुम्ही येऊ नका, आमचं आम्ही बघतो.

फौंड्री_६५
पोरा, पुढची कमिटी मीटिंग रविवारी सकाळी ठेवायला सांगतो, निदान प्रयत्न करतो. तू आला नाहीस तर मात्र या धाग्याची प्रिंट काढून तुझ्या शेडवर चिकटवणार.

@हेल्पर_ते_सुपरवायझर तुमच्या भत्त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं आत्ता उत्तर नाही. आमच्याकडं होता, पण कमी होता.

हेल्पर_ते_सुपरवायझर
किती ते लिहा की काका.