पीएचडी नसली तरी शिकवता येतं

सॉफ्टवेअरमधली नोकरी करणाऱ्या कुणाला विद्यापीठात शिकवावंसं वाटलं, की पीएचडी नसेल तर विसरा, असं काही जण सांगतात. ते सरसकट खरं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची, म्हणजे प्रत्यक्ष कामातल्या अनुभवी माणसांना शिकवायला घेण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडीची अट नाही. शिवाय तासिका तत्त्वावरही बोलावतात. मानधन बेताचंच असतं, ते धरूनच हो म्हणा.

सॉफ्टवेअर प्रकल्प व्यवस्थापन हा विषय नुसत्या स्लाइड्सवर शिकवू नका, ही कळकळीची विनंती. मी मुलांचे पाच-पाचचे गट करतो आणि सत्राच्या मध्यावर प्रत्येक गटातला एक जण दुसऱ्या गटात हलवतो. मग चिडचिड सुरू होते: नव्याला कोड कुणी समजवायचा, अर्धवट राहिलेलं लॉगिनचं काम आता कुणाचं? तेव्हा फळ्यावर मांडतो, पाच जणांत संवादाच्या १० जोड्या, दहा जणांत ४५. रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली की तो अजून रखडतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली मांडलेलं मग पाठ करावं लागत नाही.

नोकरी सांभाळून करणार असाल तर कंपनीची लेखी परवानगी आधी काढा आणि शनिवार सकाळचे तास मागून घ्या. प्रकल्प तपासायला लागणारा वेळ वेगळा धरा, तयारीपेक्षा तोच जास्त लागतो.