प्रशिक्षण पालकांनाही हवे

पाळणाघरातील ताईंना प्रथमोपचार शिकवले की पुरे, असे काहींचे म्हणणे आहे. पालकांना त्यातून वगळणे मला पटत नाही. एक वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकून त्याला रडता-खोकता येईनासे झाले, तर डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यायचे, हा क्रम बाहुलीवर प्रत्यक्ष केल्याशिवाय हाताला बसत नाही. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढू नये, हे आजी-आजोबांनाही ठाऊक हवे. (भडंगातले अख्खे शेंगदाणे आपल्याकडे लहानग्यांच्या हाती सर्रास पडतात.)

कोल्हापुरातल्या पंचगंगा नदीकाठच्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसले आहेत; पुराने पाणी दूषित होऊन जुलाब पसरतात, म्हणून पावसाळ्याआधीच्या पालकसभेत जुलाबांचा विषय घ्यावाच. ओआरएसची (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पावडरीची) मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदमच विरघळवायची, उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यायचे आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायच्या. ही सभा अंगणवाडीत सायंकाळी ठेवावी, म्हणजे कामावर जाणारे वडीलही येऊ शकतील.